अर्धी पुसलेली पाटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुपरहिरो कॉमिक्सविषयी वर्तमानपत्रांत लिहिलं जातं तेव्हा एक विधान हमखास भेटतं: जुन्या कथांचा गुंता इतका वाढला की प्रकाशकांनी सगळं पुसून पाटी कोरी केली. त्यावर विसंबून नवा वाचक ‘अंक १’ हातात घेतो आणि पाचव्या-सहाव्या पानावर अडखळतो. तिथं कुणीतरी मेलेला परत आलेला असतो, कुणाला तरी जुनं वैर आठवत असतं, आणि ते वैर कुठल्या कथेत जडलं हे कुणी सांगत नाही. याचं कारण पाटी कोरी झालेलीच नसते. डीसी आणि मार्व्हल या दोन्ही प्रकाशकांनी आपलं मुख्य कथाविश्व आजवर एकदाही पूर्ण पुसलेलं नाही. थोडं पुसलं, थोडं राखलं, आणि मोठे घोटाळे या अर्धवट पुसण्यातून झाले. मूळच्या विसंगती त्यामानानं किरकोळ होत्या. हे नीट मांडलं जावं म्हणून हे पत्र.

विसंगतीचं खापर लेखकांच्या निष्काळजीपणावर फोडलं जातं. खरी मेख दोन घड्याळांत आहे. सुपरमॅन जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ अंक १ मध्ये आला, बॅटमॅन मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ अंक २७ मध्ये. ‘फँटास्टिक फोर’चा पहिला अंक नोव्हेंबर १९६१ चा. छपाईचं घड्याळ तेव्हापासून जगाबरोबर चाललं आहे: अंकांत त्या त्या वर्षाच्या मोटारी, फोन, कपडे आणि युद्धं येतात. पात्राच्या वयाचं घड्याळ मात्र रखडवावं लागतं, कारण नायक म्हातारा झाला की मालिका आटोपली. पहिली काही वर्षं हा फरक डोळ्यांत भरत नाही. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, १९६२ मध्ये शाळकरी पोरगा होता आणि १९६५ मध्ये शाळा संपवून कॉलेजात गेला. इथवर दोन्ही घड्याळं बरोबर चालली. पुढं त्याच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष संपायला १९७८ उजाडलं.

मार्व्हलनं यावर सरकत्या काळाचा तोडगा काढला. फँटास्टिक फोर या चौघा नायकांच्या संघाचं पहिलं अंतराळ-उड्डाण म्हणजे त्या विश्वाच्या आधुनिक काळाचा आरंभ. तो नेहमीच ‘काही वर्षांपूर्वी’ झाला असं मानायचं. छापलेली चार वर्षं म्हणजे पात्रांचं एक वर्ष, असा ढोबळ हिशेब चाहते धरतात. त्या हिशेबानं १९६१ ते १९८१ या वीस वर्षांत पात्रं पाच वर्षं जगली, म्हणून १९८१ च्या अंकातून मागं पाहिलं तर उड्डाण १९७६ मध्ये झालेलं दिसतं. २०२१ च्या अंकातून पाहिलं तर तेच उड्डाण २००६ मध्ये येतं. ज्या घटनेला स्वतःची तारीख नाही, तिला हे सरकणं मुकाट्यानं सोसतं. तारीख चिकटलेली असली की घोडं अडतं.

टोनी स्टार्कचं, म्हणजे आयर्न मॅनचं, उदाहरण सोपं आहे. ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ अंक ३९ (मार्च १९६३) मध्ये तो व्हिएतनाममध्ये जखमी होऊन कैद होतो आणि तिथंच पहिलं चिलखत घडवतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या कथेत हाच प्रसंग अफगाणिस्तानात नेला. सांधा टिकला, कारण प्रसंगाचा गाभा शस्त्र विकणारा माणूस स्वतःच्याच शस्त्राच्या तडाख्यात सापडतो हा आहे. त्याला कुठलंही युद्ध चालतं. फँटास्टिक फोरमधले रीड रिचर्ड्स आणि बेन ग्रिम दुसऱ्या महायुद्धात लढले होते, हे १९६३ मधल्या अंकांत स्पष्ट छापलं आहे. तो उल्लेख पुढं हळूहळू बंद झाला. गुन्हेगारांना स्वतःच मारत सुटणाऱ्या माजी सैनिकाचं, ‘पनिशर’चं, मात्र तसं करता येईना, कारण त्याचा अख्खा स्वभावच व्हिएतनाममधून आलेला. २०१९ मध्ये मार्व्हलनं आपल्या विश्वाचा सहा अंकी इतिहास काढला, त्यात ‘सियानकाँग’ या कल्पित देशातलं युद्ध घालून अशा पात्रांची लष्करी पार्श्वभूमी तिकडं वळवली. कल्पित युद्ध कितीही पुढं ढकलता येतं, म्हणून दुरुस्ती म्हणून ही पक्की आहे. तिची किंमतही मोठी आहे: खऱ्या युद्धाच्या आठवणीला जे वजन होतं ते गेलं. ही किंमत मोजायला नको होती असंच मला वाटतं. तरी ती कशासाठी मोजली हे समजतं.

एक्स-मेन या संघाचा वैरी मॅग्नेटो याच्या बाबतीत असली सवलत घेताच येत नाही. १९८१ च्या ‘एक्स-मेन’ अंक १५० पासून तो ऑशविट्झमधून वाचलेला माणूस आहे, आणि ऑशविट्झ सरकवता येत नाही, सरकवूही नये. मग हा माणूस आज धडधाकट कसा? योगायोगानं उत्तर आधीच छापलेलं होतं. १९७४ मधल्या एका कथेत त्याचं तान्हं मूल झालं होतं आणि १९७७ मध्ये त्याला पुन्हा ऐन उमेदीतलं शरीर मिळालं होतं. त्या वेळी या प्रकाराचा वयाशी काही संबंध नव्हता. पुढं तोच आधार झाला. कॅप्टन अमेरिकाची गोष्ट याहून सुटसुटीत. तो १९४५ मध्ये बर्फात गाडला गेला आणि मार्च १९६४ च्या ‘ॲव्हेंजर्स’ अंक ४ मध्ये बाहेर निघाला. गाडला जाण्याची तारीख पक्की, निघण्याची सरकती. बर्फातली वर्षं तेव्हा वीसच्या आत होती, आता साठांच्या वर आहेत. बर्फ ताणला जातो, भोवतीची माणसं ताणली जात नाहीत. युद्धकाळातली त्याची मैत्रीण पेगी कार्टर आधी त्याची आजच्या काळातली मैत्रीण शॅरन कार्टर हिची थोरली बहीण होती. वीस वर्षांच्या अंतरात ते नातं बसत होतं. अंतर वाढल्यावर तिला शॅरनची आत्या करावी लागली.

प्रत्येक पात्राचं वय वेगळ्या वेगानं सरकतं, हा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याकडं फार कमी लक्ष जातं. रीड आणि त्याची बायको सू यांचा मुलगा फ्रँकलिन १९६८ च्या वार्षिकांकात जन्मला. किटी प्राइड जानेवारी १९८० मध्ये एक्स-मेनमध्ये आली तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांची होती. २०११ मध्ये किटी शाळेची मुख्याध्यापिका झाली, आणि फ्रँकलिन अजून पोरसवदाच होता. एकच वेग दोघांना लावला तर दोघांपैकी एकाचं वय चुकतं. किटीच्या कथेला तिचं मोठं होणं हवं होतं, रीडच्या कथेला घरात लहान मूल हवं होतं, आणि दोन्ही मालिकांचे संपादक वेगळे होते. ज्या अंकात ही दोन पात्रं एकत्र येत नाहीत त्यात काहीच बिघडत नाही. म्हणून जाणता संपादक अशा पात्रांची भेट घडवताना वयाचा आकडा उच्चारू देत नाही.

किरकोळ चुकांवर थोडक्यात. स्टॅन ली यांनी १९६४ मध्ये ‘फँटास्टिक फोर’ अंक २५ मध्ये ब्रूस बॅनरला, म्हणजे हल्कला, बॉब बॅनर करून टाकलं. वाचकांनी पत्रं लिहिली. अंक २८ मध्ये उत्तर आलं: त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर. आजही तेच अधिकृत नाव आहे. चूक दाखवून वर तिचं पटणारं स्पष्टीकरणही देणाऱ्या वाचकाला मार्व्हल ‘नो-प्राइझ’ देई, म्हणजे एक रिकामं पाकीट. या प्रथेत एक मोठं तत्त्व आहे: छापलेलं पान खोटं ठरवायचं नाही, ते खरं धरून कारण शोधायचं. अशा चुका होतात त्या कामाच्या पद्धतीमुळं. महिन्याला वीस-बावीस पानांचा अंक निघतो, तो लिहिणारा, चित्र काढणारा, शाई भरणारा, रंगवणारा, अक्षरं घालणारा असे सगळे वेगवेगळे, आणि पटकथा अंकाच्या कितीतरी आधी लिहून झालेली असते. दोन मालिकांच्या जोडकथेत एका लेखकाची पानं चित्रकाराकडं गेल्यावर दुसऱ्याचा शेवट बदलला तर पोशाख, जखमा, कुणाला कुणाचं गुपित ठाऊक आहे, हे सगळं निसटतं. अशा विसंगतीनं वाचक तुटत नाही. तो हसतो, पत्र लिहितो आणि पुढचा अंक घेतो.

आता मोठ्या दुरुस्तीकडं. आधी छापलेल्या गोष्टीचा अर्थ मागाहून बदलायचा, या प्रकाराला ‘रेटकॉन’ म्हणतात. ‘रेट्रोॲक्टिव्ह कंटिन्युइटी’ हा पूर्ण शब्दप्रयोग १९८३ मध्ये रॉय थॉमस यांच्या ‘ऑल-स्टार स्क्वॉड्रन’च्या पत्रस्तंभात छापला गेला. रेटकॉन म्हटलं की नाक मुरडण्याची पद्धत आहे, पण त्यात दोन जाती आहेत. एक जात भर घालते, दुसरी पुसते.

भर घालणारीचा नमुना पाहा. ‘ॲव्हेंजर्स’ अंक ४ म्हणतो की कॅप्टन अमेरिका १९४५ पासून बर्फात होता. पण डिसेंबर १९५३ च्या ‘यंग मेन’ अंक २४ पासून पुढं काही महिने कॅप्टन अमेरिकाच्या नव्या कथा छापल्या गेल्या होत्या आणि त्यांत तो कम्युनिस्टांशी लढत होता. बर्फातला माणूस हे करणार कसा? दोनपैकी एक खोटं. मार्व्हल त्या जुन्या कथांकडं सरळ दुर्लक्ष करू शकली असती. १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट यांनी ‘कॅप्टन अमेरिका’ अंक १५३ ते १५६ मध्ये दोन्ही खऱ्या ठरवल्या. पन्नासच्या दशकातला कॅप्टन हा दुसराच माणूस: मूळ कॅप्टनचा निस्सीम भक्त, ज्यानं शस्त्रक्रियेनं त्याचा चेहरा घेतला, नाव घेतलं, सदोष औषध टोचून घेतलं आणि त्यापायी संशयानं वेडा झाला. एकही जुनं पान खोटं पडलं नाही. उलट खऱ्या कॅप्टनला स्वतःच्याच देशभक्तीचा विकृत चेहरा समोर उभा दिसला. पुढं १९७७ मध्ये रॉय थॉमस यांनी १९४५ ते १९४९ मधल्या उरलेल्या कथाही अशाच भागवल्या: त्या काळात विल्यम नॅसलंड आणि त्याच्यानंतर जेफ मेस यांनी कॅप्टनचा पोशाख घातला होता. स्फोटात मेला असं मानलेला कॅप्टनचा युद्धकाळातला साथीदार बकी २००५ मध्ये परतला, तेही याच कुळातलं. १९६४ च्या अंकात स्फोट दिसला होता, प्रेत दिसलं नव्हतं. एड ब्रुबेकर यांनी त्या फटीतून वाट काढली: सोव्हिएतांनी त्याला उचललं, स्मृती पुसून मारेकरी बनवलं, आणि दोन कामगिऱ्यांच्या मधल्या काळात गोठवून ठेवलं. तो म्हातारा का झाला नाही याचं उत्तरही त्यातच मिळालं.

पुसणाऱ्या जातीचं उदाहरण एक्स-मेनमधल्या जीन ग्रेचं. सप्टेंबर १९८० च्या ‘एक्स-मेन’ अंक १३७ मध्ये ती मरते. फिनिक्स, म्हणजे अफाट वैश्विक शक्तीची धनी, झालेल्या अवस्थेत तिनं एक तारा गिळला होता, त्याभोवतीचा ग्रह सगळ्या रहिवाशांसह संपला होता. त्या पापाची जाणीव होऊन ती स्वतःला संपवते. जानेवारी १९८६ मध्ये ‘ॲव्हेंजर्स’ २६३ आणि ‘फँटास्टिक फोर’ २८६ या अंकांनी सांगितलं की मेलेली व्यक्ती जीन नव्हतीच. खरी जीन न्यूयॉर्कमधल्या जमैका बे या खाडीच्या तळाशी एका कोषात निद्रिस्त होती आणि फिनिक्स शक्तीनं तिचं रूप घेतलं होतं. यांत्रिकदृष्ट्या जोड बिनचूक आहे, कारण १९७६ मध्ये अंतराळयान कोसळून फिनिक्स पाण्याबाहेर आली ती याच खाडीतून. घाव बसला तो अर्थावर. ज्या बाईनं अपराध केला आणि प्रायश्चित्त घेतलं, ती जीन उरली नाही. आणि एका ठिगळानं पुढची ठिगळं मागून घेतली. जीनचा प्रियकर स्कॉट याचं १९८३ मध्ये, अंक १७५ मध्ये, मॅडेलिन प्रायरशी लग्न झालं होतं; त्यांना मुलगा झाला होता. जीन परतल्यावर स्कॉट बायकामुलाला सोडून निघाला, म्हणजे नायक नालायक ठरला. त्याची अब्रू राखण्यासाठी मॅडेलिन ही जीनची प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिकृती होती असं ठरलं, १९८९ मध्ये तिला खलनायिका करून मारलं, आणि मुलाला भविष्यात पाठवलं. एक मरण मागं घेण्यासाठी एका निरपराध स्त्रीचं पात्र नासवलं गेलं.

अख्खं विश्व पुसायला घेतलं की हेच शेकडो पात्रांच्या बाबतीत एकदम होतं. डीसीकडं १९५६ मध्ये ‘शोकेस’ अंक ४ मध्ये नवा फ्लॅश आला, बॅरी ॲलन. त्या कथेत तो जुन्या फ्लॅशचं, जे गॅरिकचं, कॉमिक वाचतो. म्हणजे जे हे काल्पनिक पात्र. सप्टेंबर १९६१ च्या ‘द फ्लॅश’ अंक १२३ मध्ये गार्डनर फॉक्स यांनी दोघांची भेट घडवली. जे दुसऱ्या पृथ्वीवर खराच राहतो, आणि त्याच्या कथा लिहिणाऱ्या लेखकाला त्या स्वप्नात दिसत होत्या. अर्थ-वन (नव्यांची पृथ्वी) आणि अर्थ-टू (जुन्यांची) या जोडीनं चाळीसच्या दशकातले वयस्क नायक आणि नवे तरुण नायक शेजारी-शेजारी नांदू लागले. पुढं पृथ्व्या वाढत गेल्या: कुठं खलनायकांची, कुठं नाझी जिंकले तिची, कुठं विकत घेतलेल्या प्रकाशनाच्या पात्रांची. वाचकांना हे झेपत नाही असं कंपनीनं ठरवलं. एप्रिल १९८५ ते मार्च १९८६ या बारा अंकांत, मार्व्ह वुल्फमन यांच्या लेखणीतून आणि जॉर्ज पेरेझ यांच्या चित्रांतून, ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’नं सगळ्या पृथ्व्यांची एकच पृथ्वी केली. मला विचाराल तर ती गरज खरी नव्हती. कथेच्या पहिल्या चौकटीत ‘अर्थ-टू’ एवढे शब्द लिहिले की भागत होतं.

मालिका म्हणून ‘क्रायसिस’ भव्य आहे. गफलत पुढच्या महिन्यापासून झाली. सगळ्या मालिका एकाच दिवशी शून्यापासून सुरू झाल्या असत्या तर प्रश्नच नव्हता. प्रत्यक्षात सुपरमॅनची १९८६ मध्ये जॉन बर्न यांच्या सहा अंकी मालिकेतून नव्यानं मांडणी झाली, वंडर वूमनची फेब्रुवारी १९८७ मध्ये, आणि टीन टायटन्स, लीजन यांसारख्या तरुण संघांच्या चांगल्या खपणाऱ्या मालिका होत्या तशाच चालू राहिल्या.

डोना ट्रॉयला याचा पहिला फटका बसला. ही ‘वंडर गर्ल’ १९६५ पासून टायटन्समध्ये होती. तिचा जन्मच एका घोटाळ्यातून झालेला: वंडर गर्ल म्हणजे लहानपणीची वंडर वूमन हे ध्यानात न घेता तिला वेगळी मुलगी म्हणून संघात घेतलं होतं. १९६९ मध्ये वुल्फमन यांनी तो घोटाळा निस्तरला: आगीतून वंडर वूमननं वाचवलेलं अनाथ मूल. भर घालणारी, सुंदर दुरुस्ती. १९८७ च्या नव्या मांडणीत वंडर वूमन माणसांच्या जगात आत्ताच पहिल्यांदा येते. मग डोनाला वाचवलं कुणी, आणि ती कुणाचं नाव लावून इतकी वर्षं लढत होती? १९८८-८९ मध्ये ‘न्यू टायटन्स’ अंक ५० ते ५४ नं सांगितलं की तिला ग्रीक पुराणातल्या टायटन देवतांनी वाचवलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ठरलं की ती डायनाची, म्हणजे वंडर वूमनची, जादूनं केलेली प्रतिकृती आहे आणि एका शापामुळं तिला अनेक दुःखी आयुष्यं जगावी लागली. २०११ नंतरच्या आवृत्तीत ती मातीतून घडवलेली. एकाच बाईचे इतके जन्म! यातला कुठलाही लेखक बेफिकीर नव्हता. प्रत्येकानं आधीच्यानं सोडलेलं भोक बुजवलं.

हॉकमनचं याहून वाईट झालं. चाळीसच्या दशकातला हॉकमन कार्टर हॉल, म्हणजे इजिप्तच्या राजपुत्राचा पुनर्जन्म. १९६१ मधला हॉकमन कटार होल, थॅनागार ग्रहावरचा पोलीस. ‘क्रायसिस’नंतर दोघेही एकाच पृथ्वीवर आले आणि त्यात काही अडत नव्हतं. १९८९ मध्ये टिमथी ट्रूमन यांनी कटारच्या उमेदवारीच्या दिवसांवर तीन अंकी ‘हॉकवर्ल्ड’ काढलं. त्या कथेला भूतकाळातली समजलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण १९९० मध्ये निघालेल्या पुढच्या मालिकेनं तिचा काळ ‘आत्ता’ ठरवला: कटार पृथ्वीवर नुकताच येतोय. म्हणजे जस्टिस लीग या डीसीच्या नायकांच्या संघात इतकी वर्षं बसलेला हॉकमन कोण? सुरुवातीच्या काळात कार्टर हॉल, असं एक उत्तर निघालं. अलीकडच्या काळासाठी फेल अँडार नावाचा थॅनागारी हेर, जो कार्टर हॉलचा मुलगा असल्याचं सोंग करत होता. १९९४ च्या ‘झिरो अवर’ या डीसीच्या पुढच्या दुरुस्ती-कथेत सगळे हॉकमन वितळवून एक केले. मग ते पात्र कुणालाच हाताळता येईना, आणि कार्टर हॉलला परत आणायला २००१ उजाडलं. एका संपादकीय निर्णयात एक शब्द चुकला, ‘तेव्हा’ऐवजी ‘आत्ता’, आणि दहा वर्षं गेली.

लीजन ऑफ सुपर-हिरोज हा एप्रिल १९५८ पासूनचा, हजार वर्षांनंतरच्या भविष्यातला संघ. त्याची प्रेरणा सुपरबॉय, म्हणजे किशोरवयीन सुपरमॅन. बर्न यांच्या मांडणीत क्लार्क केंट, म्हणजे सुपरमॅन, किशोरवयात सुपरबॉय झालाच नाही. तुळईच काढली. १९८७ मध्ये टेकू दिला: लीजनला भेटणारा सुपरबॉय एका खलनायकानं बनवलेल्या छोट्या, कप्प्यातल्या विश्वातला होता. १९९० च्या सुमारास तो टेकूही काढून त्याच्या जागी व्हॅलर नावाचा नायक बसवला, सुपरगर्लच्या जागी लॉरेल गँड. अखेर १९९४ मध्ये लीजन पहिल्यापासून सुरू करावी लागली, आणि दहा वर्षांनी पुन्हा एकदा.

‘क्रायसिस’नं सुटलेले गुंतेही आहेत आणि ते सांगायला हवेत. ब्लॅक कॅनरी १९४७ पासूनची. १९६९ मध्ये तिला अर्थ-टूवरून इकडं आणली, आणि ती तरुण कशी याच्या उत्तरासाठी १९८३ मध्ये आईच्या आठवणी मुलीच्या डोक्यात भरल्याची अवजड कथा रचावी लागली. एकच पृथ्वी झाल्यावर आई आणि मुलगी अशा दोन ब्लॅक कॅनरी सरळ झाल्या. इतकं स्वच्छ उत्तर फार थोड्यांना मिळालं.

२०११ च्या सप्टेंबरात डीसीनं ५२ मालिका अंक १ पासून काढल्या आणि नायकांचा उदय पाच वर्षांपूर्वीचा ठरवला. बॅटमॅन आणि ग्रीन लँटर्न यांचा इतिहास मात्र बराचसा तसाच ठेवला. मग बॅटमॅनचा हिशेब करून पाहावा: डिक ग्रेसन रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा साथीदार, झाला, मोठा होऊन नाइटविंग झाला, जेसन टॉड रॉबिन झाला, मेला, परतला, टिम ड्रेक आला, आणि आता रॉबिन आहे डेमियन, बॅटमॅनचा सुमारे दहा वर्षांचा मुलगा. हे पाच वर्षांत बसत नाही. म्हणून टिम कधी रॉबिन नव्हताच, थेट रेड रॉबिन झाला, असं म्हणावं लागलं. वॉली वेस्ट, १९८६ पासून पंचवीस वर्षं फ्लॅश असलेलं पात्र, यादीतूनच गेलं. २०१६ मध्ये त्याला परत आणलं तेव्हा कथेनंच कबुली दिली की कुणीतरी या जगाची दहा वर्षं चोरली आहेत.

पीटर पार्करचं १९८७ मधलं लग्न २००७ च्या अखेरीस सैतानाशी सौदा करून पुसलं तेव्हाही असंच झालं. वीस वर्षांच्या कथा घडल्या, फक्त लग्न नव्हतं, असं जाहीर झालं. ते नेमकं कसं, हे सांगायला २०१० मध्ये चार अंकांची वेगळी कथा लागली.

संपादकाच्या टेबलावर दुरुस्तीचा प्रस्ताव येतो तेव्हा काय तपासायचं हे या उदाहरणांतून निघतं. ज्या तथ्याला हात लावायचा त्यावर कुठल्या कुठल्या मालिका उभ्या आहेत याची यादी आधी काढावी. सुपरबॉयच्या यादीत लीजन पहिली आली असती. मग विचारावं की कुठलं छापलेलं पान खोटं पडतं आणि तिथं एखादी फट आहे का, जशी बकीच्या स्फोटात होती. नवी कथा ‘तेव्हा’ची की ‘आत्ता’ची हे लेखी ठरवावं. पात्राच्या टिपणात इसवी सन लिहूच नये. घटनांचा क्रम आणि त्यांमधलं अंतर लिहावं, म्हणजे शाळा, मग दोन वर्षांनी अपघात, मग वर्षभरानं संघ. खरी तारीख अटळ असेल तिथं बर्फासारखी ताणता येणारी सोय त्याच कथेत करून ठेवावी. आणि जुनी प्रथा परत आणावी: चौकटीच्या तळाशी छोटी टीप, हा प्रसंग अमुक मालिकेच्या अमुक अंकातला. ती टीप वाचकाइतकीच लेखकाच्याही उपयोगाची असे, कारण ती लिहिण्यासाठी कुणाला तरी जुना अंक उघडावा लागे.

आपल्या पुरवणीकडं मागणी आहे ती एवढीच. ‘नव्यानं सुरुवात’ अशी बातमी देताना कुठल्या मालिका खरोखर शून्यापासून निघाल्या आणि कुठल्या जुन्याच धाग्यावर चालू आहेत, हे एका ओळीत सांगावं. अंकाच्या क्रमांकाबरोबर वर्षही छापावं. कॅप्टन अमेरिकाच्या मालिकेनं १९९६, १९९८, २००२ आणि २००५ असा दहा वर्षांतच चार वेळा अंक १ काढला, त्यामुळं नुसत्या ‘अंक १’ला काही अर्थ नाही. आणि सुरुवात कुठून करावी हे सुचवताना लेखकाची कारकीर्द धरावी. वॉल्टर सायमन्सन यांचा ‘थॉर’ नोव्हेंबर १९८३ च्या अंक ३३७ पासून सुरू होतो, फ्रँक मिलर यांनी लिहिलेला ‘डेअरडेव्हिल’ जानेवारी १९८१ च्या अंक १६८ पासून. दोन्ही क्रमांक मधलेच आहेत. दोन्ही ठिकाणी मागचं काही ठाऊक नसलेल्या वाचकाला पहिल्या पानापासून सगळं कळतं.

आपला,
एक वाचक